होल्यांची अंघोळ : नोंद सातवी

गच्चीवर येणाऱ्या होल्यांनी तिथे अंघोळ करावी म्हणून माझी खटपट चालू आहे, आणि मागच्या नोंदीत मी जवळजवळ हार मानली होती. ते शब्द आज मागे घेतो. मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आमच्या पुण्यातल्या गच्चीवर तपकिरी होल्यांच्या जोडीतला एक पक्षी फवाऱ्याखालच्या कौलावर डावीकडे कलंडला, उजवा पंख त्याने सरळ आभाळाकडे उभारला आणि पंखाखालची करडी पिसे भिजत असताना तो चांगली सात मिनिटे तसाच बसून राहिला. मधे एकदा उठून, कूस बदलून, त्याने डावा पंखही तसाच धरला. मार्चपासून मी ज्याची वाट पाहत होतो, ते हेच.

जुन्या वाचकांना दुखणे ठाऊक आहे. पाण्याच्या परळात, म्हणजे पसरट मातीच्या भांड्यात, साळुंक्या धुमाकूळ घालतात, बुलबुल डुबक्या मारतात, दयाळसुद्धा संध्याकाळी हजेरी लावून जातो. होले मात्र येतात, पाणी पितात आणि निघून जातात. त्यांचे पिणेही आटोपशीर असते. चिमणी दर घोटाला मान वर करते, तर होला हौदावरच्या बैलासारखी चोच बुडवून सलग पाणी ओढतो, त्यामुळे त्याचा मुक्काम काही सेकंदांत संपतो. सुरुवातीला मी सगळा दोष भांड्याला दिला. नऊशे रुपये मोजून घेतलेले ते चिनी मातीचे तयार पात्र (ते कोणीही घेऊ नये) आतून गुळगुळीत आणि काठाशी एकदम खोल होते, म्हणून ते काढून कुंभाराकडचा खरबरीत परळ आणला, त्यात जेमतेम दोन बोटे पाणी ठेवले आणि मधोमध चपटा दगड मांडला. साळुंक्यांनी त्या दगडाचे स्वागत केले. होल्यांनी त्यावर बसून पाणी प्यायले. सलाईनचा सेट टांगून थेंब थेंब पाणी सोडून पाहिले, तर होले त्या टपटपीकडे मान तिरकी करून पाहत बसले, पण पिसाला पाणी लावायला कोणी तयार होईना.

डोळे उघडले ते मे महिन्यातल्या वळिवाने. पहिली सर आली तेव्हा कावळे आडोसा शोधत होते आणि हीच जोडी टाकीच्या झाकणावर उघड्यात येऊन बसली, एकेक पंख वर करून, शेपूट पसरून, आलटून पालटून. भांड्यात काय चुकते आहे, हा माझा प्रश्नच चुकीचा होता. या जोडीला अंघोळीचे पाणी वरून हवे होते. याचा अर्थ होले पाण्यात उतरतच नाहीत असा कोणी काढू नये. ठिपकेदार होल्याला ओढ्याच्या उथळ कडेला बसून, डोके बुडवून पंख फडफडवताना मी स्वतः पाहिले आहे. आमच्या गच्चीवरच्या जोडीची आवड वेगळी आहे, इतकेच.

मग ठिबकच्या दुकानातून फॉगर, म्हणजे पाण्याचे बारीक धुके उडवणारे तोंड, आणला आणि तीन आठवडे वाया घालवले. हे तोंड चालायला किमान दोन-अडीच बारचा दाब लागतो. आमच्या टाकीचे पाणी तोंडापेक्षा जेमतेम दोन मीटर उंच, आणि दहा मीटर उंचीला साधारण एक बार, या हिशोबाने माझ्याकडे ०.२ बार होता. फॉगर लाळ गाळत राहिला. दुकानदाराने दाबाचा एक शब्दही विचारला नाही आणि मीही आधी गणित केले नाही. त्यात बोअरच्या पाण्याचे क्षार तोंडात बसले. रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवून ते एकदा मोकळे केले, चार दिवसांत पुन्हा बुजले.

शेवटी हातपंपाचा पाच लिटरचा फवारणी पंप घेतला. तो नवाच घ्यावा, ज्यात कधी कीटकनाशक भरलेले आहे असा मुळीच वापरू नये. त्याची नळी बांबूला बांधून तोंड वर केले आणि खाली एक मंगलोरी कौल ठेवले. पहिले चार दिवस फवारा सुरू होतानाच्या सुस्स आवाजाने होले उडत होते, म्हणून ते येण्याआधीच तो चालू ठेवू लागलो. तरीही ते कौलापर्यंत येईनात, कारण बारीक धुके वाऱ्याबरोबर शेजारच्या गच्चीत जात होते. सोमवारी रात्री तोंड अर्धा फेरा सैल केले, थेंब जाड झाले आणि मंगळवार उजाडला.

अंघोळीनंतर तो गरम फरशीवर कुशीवर पडून, पंख पसरून ऊन खात बसला, तेव्हा शेजारच्या काकूंनी हाक मारली, "अहो, तुमचा होला मेला की काय!" मी गच्चीत पोहोचेपर्यंत मयत उठून पिसे साफ करू लागले होते.

कौलाखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यावर पांढुरकी साय दिसली. मला आधी पंपाच्या प्लॅस्टिकचा संशय आला, पण काळ्या फडक्याने टिपल्यावर ती भुकटी निघाली. होल्यांच्या आणि पारव्यांच्या अंगावर काही पिसे अशी असतात की त्यांची टोके सतत झडून पूड होते आणि तीच पूड पिसाऱ्याची निगा राखते. काचेवर आपटलेल्या होल्याचा पंखांसकट ठसा उमटतो, तोही याच पुडीचा. ताटली आणि परळ मी रोज घासून उन्हात कोरडे करतो, कारण होल्यांच्या घशात होणारा ट्रायकोमोनास या परजीवीचा संसर्ग सामायिक पाण्यातून पसरतो आणि तो परजीवी कोरडेपणात टिकत नाही. डासांचाही बंदोबस्त त्यातच होतो.

पुढच्या टप्प्यात अर्ध्या अश्वशक्तीचा मोटरपंप घ्यायचा, असे मी इथे लिहायला बसलो होतो. पण वरची फवाऱ्याची हकीकत लिहिताना ध्यानात आले की होल्यांना जाड थेंबच हवे असतील, तर दाबाची गरजच उरत नाही. झारीची चाळण टाकीच्या नळीला लावून बांबूवर उलटी टांगली आणि सलाईनची चिमटी लावून धार बारीक केली, तर ०.२ बारमध्येही वळीव पडेल. आवाज नाही, वीज नाही, सकाळी उठून पंप मारणे नाही. चाळणीची भोके क्षारांनी बुजतील, पण ती सुईने मोकळी करता येतात. मोटरपंपाची मागणी रद्द करतो आहे. रविवारी चाळण लावीन.

कोणत्या बाजूचा पंख आधी वर जातो, याची नोंद ठेवणारे इथे कोणी असल्यास जरूर कळवावे. माझ्याकडे अजून एकाच पक्ष्याच्या तीन अंघोळी आहेत आणि तिन्ही वेळा उजवा आधी. जोडीदार कठड्यावर बसून सगळे पाहतो, मग परळावर उतरतो, पाणी पितो आणि जातो.