आमची वाटचाल : काळा मसाला आणि मोबाइलचा कॅमेरा

दादांनी १९९४ साली नाशिकच्या पंचवटीत, दिंडोरी रोडच्या आतल्या एका गल्लीत, पहिला डंक, म्हणजे मसाला कुटायचं यंत्र, बसवला. तीन मुसळांचा, जुना घेतलेला. तेव्हा धंदा चार महिन्यांचाच. होळी झाली की बायका मिरच्या, धने, खोबरं पिशव्यांत भरून यायच्या, नंबर लावायच्या आणि डोळ्यांसमोर मसाला कुटून घ्यायच्या. मृग लागला की गल्ली शांत.

उरलेल्या आठ महिन्यांची सोय आईने लावली. घरचा काळा मसाला तिने जवळच्या एका मिसळवाल्याला वापरायला दिला. त्याची हातगाडी होती, आठवड्याला दोन किलो मसाला लागायचा. त्याच्या रश्श्याची चव पाहून दुसरा आला, मग तिसरा. आमच्या फर्मचा पाया तो आहे, डंक नव्हे.

काळ्या मसाल्याची सगळी करामत भाजण्यात. धने वेगळे, तीळ वेगळे, खोबरं वेगळं, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ निराळा. दगडफूल सर्वांत नाजूक. जरा तेल सोडून मंद आचेवर घ्यायचं, फुललं की लगेच उतरवायचं. थोडं कमी भाजलं तर मसाला मातकट लागतो, जास्त झालं तर कडू. आई घड्याळ बघत नाही, वासावर उतरवते. मी तीस वर्षं बघतोय, अजून माझे दहातले दोन घाणे तिला पसंत पडत नाहीत.

२०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि आमच्या गिऱ्हाइकांच्या दुकानांत मोबाइल उभे करून शूटिंग करणारी पोरं दिसू लागली. आम्ही फार लक्ष दिलं नाही. मग २०२० चा मार्च आला. ऐन हंगामात डंक बंद, मिसळवाले बंद. त्या जूनच्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली, जुलैत रील्स आल्या. टाळेबंदी सुटत गेली तशी माणसं घराबाहेर पडली ती मोबाइल हातात घेऊनच. गंगापूर रोडला, मखमलाबादकडे मळ्यांतल्या मिसळीच्या ठिकाणी रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागू लागली. आठवड्याला पाच किलो नेणारा एक गिऱ्हाईक वर्षभरात अठरा किलोवर गेला. व्हिडिओंनी आम्हाला उभं केलं, हे मी कधीच नाकारणार नाही.

पण त्याच सुमारास एक मागणी सुरू झाली. "दादा, रस्सा मोबाइलमध्ये काळपट दिसतो. जरा लाल करून द्या ना." एकाने म्हटलं, मग चौघांनी. त्यांचंही बरोबर होतं. व्हिडिओ मिनिटभराचा. त्यात वरून सोडलेली तर्री, पावावर वितळणारं बटर आणि शेवेचा ढीग दिसतो. दगडफुलाचा वास दिसत नाही. नाशिकचा काळा रस्सा ताटात बघावा, नाकाने ओळखावा असा. कॅमेऱ्यासमोर तो बिचारा मागे पडतो.

दोघांनी सरळ रंग घालायला सांगितलं. मसाल्यात वरून रंग घालायला कायद्याने बंदी आहे, आणि बंदी नसती तरी आईने घातला नसता. ती दोन्ही गिऱ्हाइकं गेली. महिन्याचा पस्तीस किलोचा माल होता. घरात तेव्हा कर्जाचे हप्ते चालू होते, त्यामुळे ते महिने जड गेले.

उपाय सापडायला सहा महिने लागले. मिरचीचा लाल रंग पाण्यात फारसा उतरत नाही, तेलात उतरतो. पण तेल कडकडीत असेल तर पूड करपते आणि तर्री तपकिरी होते. म्हणून काळा मसाला होता तसाच ठेवला आणि ब्याडगीचा वेगळा तर्री मसाला काढला. ब्याडगीला रंग भरपूर, तिखटपणा कमी. तेल तापवायचं, गॅस बंद करायचा, तीन-चार मिनिटं थांबायचं आणि मग पूड सोडायची. वर लालभडक तर्री तरंगते, खाली रस्सा काळाच राहतो. प्रत्येक मिसळवाल्याच्या भटारखान्यात मी स्वतः जाऊन हे करून दाखवलं. गेलेल्या दोघांपैकी एकजण परत आला.

२०२२ च्या फेब्रुवारीत खाण्याचे व्हिडिओ करणाऱ्या एका मुलीने मिसळ खाताना विचारलं, मसाला कुठला? ती थेट आमच्या गल्लीत आली. ताट, पाव, तर्री काहीच नाही, फक्त डंकाची मुसळं पडताना आणि आई खोबरं भाजताना, एवढंच तिने घेतलं. आठ दिवसांत पुण्या-मुंबईहून, नागपूरहून मेसेज येऊन मोबाइल तापला.

इथे आमचं चुकलं, आणि ते माझं चुकलं. एकाही ऑर्डरला नाही म्हणवलं नाही. डंकावरून उतरलेला मसाला कोमट असतानाच पाकिटांत भरला. आत वाफ धरली, गाठी झाल्या. पाकिटं पातळ, कुरिअरमध्ये फुटली. एकसष्ट जणांचे पैसे परत केले. साताऱ्याच्या एका आजींनी फोनवर एवढंच म्हटलं, "बाळा, वास चांगला आहे, पण बुरशी आली रे." तो फोन ठेवल्यावर आईने पंधरा दिवस बाहेरगावच्या ऑर्डरी बंद करायला लावल्या. आता मसाला रात्रभर सुती कापडावर पसरून गार होतो आणि जाड पाकिटात सकाळी भरला जातो. आधी आमची अन्न सुरक्षेची (एफएसएसएआय) फक्त नोंदणी होती. उलाढाल तेव्हाच्या १२ लाखांच्या मर्यादेवर गेल्यावर परवाना काढला, त्याचा चौदा आकडी नंबर पाकिटावर असतो.

आता व्हिडिओवाले महिन्यातून दोन-तीनदा येतात. काहीजण पैसे मागतात. पैसे घेतले असतील तर तसं सांगणं त्यांना बंधनकारक आहे, हे मी त्यांना सांगतो. बरेच मग निघून जातात. चॉकलेट घातलेल्या मिसळीसाठी मसाला मागणाऱ्यांनाही आम्ही नाही म्हणतो. नवं करायला माझी हरकत नाही. आपला उलटा वडापाव कधीकाळी नवाच होता, पण पावाच्या आत बटाट्याची भाजी आणि बाहेरून बेसनाचं कवच, त्यात खाण्याचा विचार आहे. नुसतं बघायला म्हणून केलेला पदार्थ ताटात अर्धा उरतो. ते अन्न वाया जाताना पाहून मला खरंच त्रास होतो.

२०२७ च्या सिंहस्थासाठी चौथा डंक घेतलाय. गेल्या रविवारी बोरिवलीचं एक कुटुंब मिसळ खाऊन गल्ली शोधत आलं. धाकट्या मुलीला व्हिडिओतला आवाज ऐकायचा होता. डंक त्या वेळी बंद होता, म्हणून आईने तिच्या तळहातावर नुकतंच भाजलेलं दगडफूल ठेवलं. तिने नाकाशी धरलं आणि वडिलांकडे वळून म्हणाली, "पप्पा, मगाचचा वास."