गाणं संपलं, आता नाव सांगा

भाकऱ्या थापताना आत्या काहीतरी गुणगुणत असायची. गाणं कुठलंही असो, शेवट ठरलेला. शेवटची भाकरी तव्यावर टाकायची आणि ठसक्यात म्हणायचं, "माय नेम इज गौहर जान!" आम्हा पोरांना वाटायचं, ही हिची शाळेतली मैत्रीण असणार.

पुढे गौहर जान या जुन्या गायिकेची मूळ तबकडी ऐकली. खरखरीतून गाणं धावत शेवटाला येतं आणि दम खायच्या आत बाई इंग्रजीत नाव सांगून मोकळ्या होतात. कारण अगदी व्यवहारी होतं. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात मेणाच्या ताटल्यांवर आवाज कोरून घेत होता, पण तबकड्या छापायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना जोगिया काय आणि भैरवी काय! कुठली ताटली कुणाची हे कळावं म्हणून गाणाऱ्यानंच नाव सांगायचं. आपण लग्नातल्या भांड्यांवर घालतो ना, तसंच.

तेव्हा ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोनही नव्हता. कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन खणखणीत गायचं, आणि तेही तीन-साडेतीन मिनिटांत आटपायचं, कारण एका बाजूवर मावायचंच तेवढं. ज्यांचा मैफलीत नुसता तंबोरा जुळायला त्याहून जास्त वेळ जाई, त्यांनी आलाप, बंदिश, ताना सगळं त्यात कसं बसवलं असेल? मुंबईच्या लोकलमध्ये चौथी सीट मिळवण्यासारखंच काम. पण बसवलं खरं. पुढे आपली भावगीतं आणि सिनेमाची गाणी याच मापाचे कपडे घालून वाढली. आता तबकडी गेली, माप मात्र अजून फारसं सुटलेलं नाही.

गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची गायकी तर तासातासानं उलगडणारी. ध्वनिमुद्रणाची त्यांना फारशी आवड नव्हती. आणि 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेली ती त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी, 'जात कहाँ हो'. यानाला याहून नेमका प्रश्न दुसरं कोण विचारणार!

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. परवा तिला फोनवर तीच भैरवी लावून दिली. डोळे मिटून ऐकली. संपल्यावरही फोन कानाशी तसाच.

"झालं गं आत्या."

"झालं? आणि नाव नाही सांगितलं बाईंनी?"