लेकी बोले सुने लागे आणि जिराफाचे कान

आमच्या श्टुटगार्टच्या बिल्डिंगमधे केरवोखे नावाचा एक प्रकार आहे. केर काढायचा आठवडा! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं कुणा मराठी माणसानंच नाव ठेवलंय, पण जर्मनमधे केरेन म्हणजे झाडणं. दाराला पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना आपल्याकडे. मी इमानेइतबारे शनिवारी जिना पुसला, आणि रविवारी सकाळी दारावर चिठ्ठी, ‘केरवोखे झालेली नाही!!!’ खाली सही नाही. सही कशाला पाहिजे, खालच्या मजल्यावरच्या आजींचं अक्षर सगळ्या बिल्डिंगला पाठ आहे.

मग मी काय केलं, तर आपल्याकडे करतात तेच. दोन दिवस जिन्यात भेटल्या तरी हॅलो नाही, आणि त्या खाली दिसल्या की नवऱ्याला मोठ्यांदा, "काही लोकांना बाई रिकामे उद्योग फार!" लेकी बोले सुने लागे, फक्त सुनेला मराठी येत नव्हतं.

त्याच सुमारास मुलाच्या शाळेत श्ट्राइटश्लिख्टर सुरू झालं होतं, म्हणजे चौथीतली पोरं ट्रेनिंग घेऊन मधल्या सुट्टीत दुसऱ्या पोरांची भांडणं सोडवतात, मधे बोलायचं नाही, समोरच्यानं काय सांगितलं ते आधी आपल्या शब्दांत परत सांगायचं वगैरे. चिरंजीव घरी येऊन मला म्हणतात, "आई, तू आत्ता लांडग्याच्या भाषेत बोलतेयस." हे कुठून आलं ते बघायला म्हणून मी इथल्या फोक्सहोखशूलमधे, म्हणजे मोठ्यांच्या संध्याकाळच्या शाळेत, गे-एफ-काचा कोर्स लावला. गे-एफ-का म्हणजे अहिंसक संवाद. हे काढलं मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं. 1943 मधे डेट्रॉईटला वांशिक दंगल झाली, 34 माणसं मेली, तेव्हा हा आठ वर्षांचा पोरगा त्याच शहरात. शाळेत ज्यू आडनावावरून मार खाल्लेला. पुढे 1984 मधे त्यानं यासाठी संस्थाच काढली. हातात जिराफ आणि कोल्ह्याच्या बाहुल्या घेऊन शिकवायचा, कोल्हा दोष देत टोचून बोलणारा, जिराफ समजून घेऊन बोलणारा. जर्मनीत कोल्ह्याचा लांडगा झालाय. जिराफ का, तर जमिनीवरच्या प्राण्यांत सगळ्यात मोठं हृदय त्याचं. (घरी सांगितलं तर चिरंजीव म्हणाले, हत्तीचं मोठं असतं. आहेच. असो.)

बाई डोक्याला जिराफाच्या कानांचा हेअरबँड लावून शिकवायच्या. कान बाहेर वळवले की समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ऐकायचं, आत वळवले की स्वतःच्या. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना.

पायऱ्या चार. काय घडलं, काय वाटलं, गरज कसली, आणि विनंती. सोपं वाटतं ना? मी म्हणलं, शेजारणीनं उद्धट चिठ्ठी लावली. बाई म्हणाल्या, उद्धट हे तुझं मत झालं, कॅमेऱ्याला काय दिसलं असतं? एक कागद, एक वाक्य, तीन उद्गारचिन्हं. बरं, मग काय वाटलं? अपमान केल्यासारखं वाटलं. तर तेही चालेना, कारण त्यात त्यांनी काय केलं ते आलं, मला काय झालं ते नाही. शेवटी निघालं ते असं की मला राग आला आणि लाज वाटली, परक्या देशात आपल्याला अस्वच्छ म्हणतायत म्हणून. इथे मात्र मराठी कामाला आली. जर्मनमधे माणूस स्वतःच ‘रागीट असतो’, आपल्याकडे राग येतो आणि जातोही, पाहुण्यासारखा. बाईंना हे इतकं आवडलं की फळ्यावर लिहून घेतलं.

अडलं ते चौथ्या पायरीवर. विनंती म्हणजे समोरचा ‘नाही’ म्हणू शकतो अशी, नाहीतर तो हुकूम. आमच्या घरात कुणी कधी काही मागितलेलंच नाही हो. टोमणा होता, अबोला होता, भांडी आपटणं होतं. मागायचं म्हणजे कमीपणा.

तरी एका संध्याकाळी चारी पायऱ्या पाठ करून आजींची बेल वाजवली. परीक्षेत कविता म्हणतात तसं एका दमात म्हणून टाकलं. त्या बघतच राहिल्या, मग चपला घालून मला थेट गेटबाहेर घेऊन गेल्या. तेव्हा कळलं की केरवोखे दोन असतात, लहान म्हणजे जिना, आणि मोठी, ज्यात तळघर, अंगण आणि समोरचा फुटपाथही येतो. त्या आठवड्यात माझ्याकडे दोन्ही होत्या आणि मला पत्ताच नाही! फुटपाथवर ओल्या पानांचा खच. दोन वर्षांपूर्वी त्या तिथेच घसरून पडल्या होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. मी म्हणलं, पुढच्या वेळी चिठ्ठीऐवजी बेल वाजवाल का? म्हणाल्या, नाही. रविवारी सकाळी कुणाची बेल वाजवत नाहीत.

आता चिठ्ठीखाली सही असते. उद्गारचिन्हं आहेतच.

घरात हे सगळं फार चालत नाही. नवरा म्हणतो तू कस्टमर केअरसारखी बोलायला लागलीयस, आणि खरंच, साचा पाठ करून बोललं की समोरच्याचं डोकं जास्तच फिरतं. पण परवा आईचा फोन, नेहमीचं सुरू, "तुम्हाला काय, वेळ कुठाय आमच्याशी बोलायला." एरवी मी कामांची यादी वाचली असती. यावेळी कान बाहेर वळवले आणि विचारलं, "आई, एकटं वाटतंय का गं?" पलीकडे शांतता, नुसता पंख्याचा आवाज. मग मीच म्हणलं, "मग सरळ सांग ना, दर रविवारी फोन कर म्हणून."

तर म्हणते, "हे काय सांगून करायचं असतं का?"