बोरीच्या पुलावरून न गेलेली गाडी

श्रावणातली सकाळ. पाऊस नुकताच उघडला होता. गोव्यातल्या ढवळीच्या माझ्या गॅरेजचं शटर वर करायच्या आधीच काका बाहेर गाडी लावून उभे होते. माझ्या वडिलांचे ते जुने मित्र, शिरोड्याचे. गेली पंचवीस वर्षं टॅक्सी चालवतात. एरवी आले की आधी घरच्यांची चौकशी करतात, त्या दिवशी ती नाही.

"बाळा, माझी गाडी नदीत दिसते म्हणे."

आदल्या संध्याकाळी ते फोंड्याहून एका कुटुंबाला मडगावच्या स्टेशनवर सोडायला निघाले होते. झुआरी नदीवरचा बोरीचा पूल ओलांडल्यावर मागच्या सीटवरच्या लहान मुलाने आणीबाणीचं लाल बटण दाबलं. काही मिनिटांतच ज्या कंपनीकडे त्यांची गाडी लावलेली आहे तिथून फोन आला. काका तोवर रायपर्यंत पोचलेले, आणि ऑफिसातला माणूस विचारत होता, "तुम्ही आहात कुठे? गाडी झुआरीच्या पात्रात दाखवते." मुलाच्या आईने माफी मागितली, विषय तिथेच मिटला. पण काकांना रात्रभर झोप लागली नाही. "खरंच कुणाला काही झालं असतं, तर माणसं कुठे धावली असती रे?"

त्यात आणखी एक दुखणं होतं. महिनाभर त्यांच्या गाडीचा माग मधूनमधून तुटत होता आणि गाडीची जागा कळवणारं जीपीएस मशीन ड्रायव्हरच बंद करतो असा कंपनीचा संशय होता. विमानतळाच्या रात्रीच्या फेऱ्या त्यांच्याकडून काढून घेतल्या होत्या. पंचवीस वर्षांत ज्या माणसाने भाड्याचा रुपया इकडचा तिकडे केला नाही, त्याच्यावर हा संशय. मला ते फार लागलं.

आधी मी त्यांच्या मोबाइलवर कालचा माग उघडला. "रेंज नसेल" असं म्हणून मोकळे होणारे बरेच असतात, पण रेंज जाणं आणि जीपीएस जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनमोड घाटात मोबाइलची रेंज गेली तरी चांगलं मशीन जागा साठवून ठेवतं आणि रेंज आली की पाठवतं. नकाशावरची रेघ उशिरा का होईना, रस्त्याच्या वळणावळणाने भरून निघते. इथे तसं झालं नव्हतं. बोरीच्या उतारावर रेघ संपत होती, एक ठिपका पुलापासून बराच लांब पाण्यात पडला होता, आणि तिथून सरळ पट्टी लावल्यासारखी रेघ रायला निघाली होती. म्हणजे मशीन चालू होतं, रेंजही होती. त्याला आकाशच दिसत नव्हतं.

स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं. मशीन डॅशबोर्डच्या आतल्या लोखंडी आडव्या दांड्याला खालून केबल टायने आवळलेलं होतं, आणि तेही उलटं. ज्या बाजूवर 'ही बाजू वर' असा बाण छापलेला असतो, ती बाजू ब्रेकच्या पेडलकडे तोंड करून होती. त्या बाजूला आत सिरॅमिकचा चौकोनी अँटेना असतो. त्याने वर बघायला हवं. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचा सिग्नल जमिनीवर येईपर्यंत इतका क्षीण झालेला असतो, की तो मशीनच्या स्वतःच्या विजेच्या खरखरीखाली दबलेला असतो. काच आणि प्लास्टिक त्याला वाट देतात, लोखंड देत नाही. बिचारं मशीन काचेवरून, सीटवरून परतून आलेल्या सिग्नलांवर दिवस काढत होतं. जागा कळायला किमान चार उपग्रह लागतात. मी तपासलं तेव्हा कधी पाच मिळत होते, कधी तीन.

असं कोण बसवतं, असा प्रश्न पडेल. मी ते पुष्कळदा पाहिलं आहे. पत्र्याच्या शेडखाली गाडी घ्यायची, हाताला पहिली सापडेल त्या जागी मशीन बांधायचं, पॉवरचा दिवा लागला की पैसे घ्यायचे. पत्र्याखाली जीपीएस धरतच नाही, त्यामुळे तपासण्याचा प्रश्नच येत नाही. माझ्याकडे नियम आहे, वायरिंग झालं की गाडी अंगणात, मोकळ्या आभाळाखाली आणायची. उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती दर तीस सेकंदांनी पुन्हा पाठवतो, तेव्हा नव्याने चालू झालेल्या मशीनला थोडी उसंत द्यावीच लागते.

मशीन सुलटं करून वर धरलं, गाडी फणसाच्या झाडापासून लांब घेतली. उपग्रह सहा झाले. मला दहा-अकरांची अपेक्षा होती. अर्थिंग बघितलं, मीटरने व्होल्टेज बघितलं, सगळं ठीक. अर्धा तास मी त्या सहांपाशी अडकून पडलो. मग माझ्याकडे काम शिकणारा पोरगा म्हणाला, "दादा, कॅमेरा बंद करून बघूया?"

आरशाजवळचा डॅशकॅम. महिन्याभरापूर्वी मीच बसवला होता, आणि त्याचा बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणारा अडॅप्टर डॅशबोर्डच्या आत, या मशीनपासून वीतभर अंतरावर कोंबला होता. प्लग काढला. सहाचे नऊ झाले, मग अकरा. परत लावला, पुन्हा सहा. तीनदा करून पाहिलं. जीपीएसचा सिग्नल 1575.42 मेगाहर्ट्झवर येतो, आणि स्वस्तातला कॅमेरा किंवा अडॅप्टर त्या भागात इतका खरखराट करतो की शेजारच्या मशीनला ऐकूच येत नाही. उलटं बसवलेलं मशीन कसंबसं चालत होतं, माझ्या अडॅप्टरने त्याचा उरलेला श्वासही कोंडला होता. महिन्याभराचा त्रास कुठून सुरू झाला ते आता स्पष्ट होतं.

मी काकांना सगळं सांगितलं. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता नीट कर."

जागा ठरवायला मी घाई केली नाही. डॅशबोर्डवर उघड्यावर ठेवलं तर सिग्नल उत्तम, पण एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत काचेखाली हात टेकवत नाही, तिथे मशीनची बॅटरी फुगते. डावीकडच्या एअरबॅगच्या झाकणावर तर काहीही बसवायचं नाही, ती फुटली तर वस्तू गोळीसारखी अंगावर येते. एसीच्या पेटीजवळ दवाचं पाणी. वायपरखालच्या बाजूला पावसाळ्यात पाणी झिरपतं. शेवटी मीटरच्या मागे, काचेच्या बाजूला, डॅशबोर्डच्या वरच्या प्लास्टिकखाली जागा मिळाली. वर फक्त प्लास्टिक आणि काच, ऊन थेट लागत नाही, ड्रायव्हरच्या नजरेत येत नाही. दुहेरी टेपवर भरवसा ठेवला नाही, गरमीत तिचा डिंक सुटतो. छोटी पट्टी वाकवून स्क्रूने घट्ट केलं, बाण वर. कॅमेऱ्याला चांगला अडॅप्टर घेतला आणि तो पार डाव्या कोपऱ्यात, मशीनपासून शक्य तितका लांब नेला. मशीनला सतत वीज देणारी प्लस वायर वेगळ्या फ्यूजवरून, इग्निशनची वायर वेगळी.

दुपारी काका चालवत होते, मी शेजारी बसून त्यांच्या मोबाइलवर बघत होतो. कॅमेरा चालू ठेवला होता. बोरीच्या उतारावर रेघ तुटली नाही. पुलावर गाडी चढली तशी नकाशातला ठिपकाही पुलावर चढला आणि आमच्याबरोबर पलीकडे उतरला. काकांनी लोटलीला गाडी बाजूला घेतली, मोबाइल हातात घेऊन ती रेघ बोटांनी मोठी करून पाहिली. परत येताना पुन्हा तेच करून पाहिलं.

त्यांच्याकडून मी पैसे घेतले नाहीत. कंपनीला दाखवायला आधीच्या आणि नंतरच्या मागाचे फोटो काढून दिले, मशीन उलटं बसवलेलं होतं त्याचाही फोटो, आणि अडॅप्टरचं कारण माझ्या सहीने कागदावर लिहून दिलं. आठवड्याभरात रात्रीच्या फेऱ्या परत मिळाल्या.

त्या अडॅप्टरांचा मी एकदम दहाचा डबा आणला होता. संध्याकाळी वही काढली. काकांच्या गाडीशिवाय आणखी सहा गाड्यांत ते गेले होते, त्यांतल्या चार टॅक्सी, एक शाळेची व्हॅन. व्हॅनवाल्याला पहिला फोन केला. तो म्हणाला, उद्या सकाळी पोरं सोडून झाली की येतो.