बोळ

भिंतीवर कागदी पाट्या चिकटवायला आम्ही सकाळी सातला साइटवर पोहोचलो. रुग्णालय सुरू व्हायला दीड महिना होता. फरशी झाली होती, रंगाचा शेवटचा हात बाकी होता. तळमजल्यासाठी मी काढलेल्या एकवीस पाट्या पूर्ण आकारात कागदावर छापून आणल्या होत्या. त्या खऱ्या जागी, खऱ्या उंचीवर लावायच्या, नवख्या माणसांना आत सोडायचं आणि काय होतं ते बघायचं, एवढंच त्या दिवसाचं काम होतं. धातूच्या पाट्या एकदा कापल्या की त्यात बदल नाही. कागद असेपर्यंत सगळं शक्य असतं.

मी शिकले वास्तुकला, पण गेली चार वर्षं माझं निम्मं काम अक्षरांचं आहे. याच इमारतीच्या ड्रॉइंगवर मी ज्युनियर म्हणून काम केलं होतं. तळमजल्याच्या कितीतरी भिंती माझ्या हातच्या. नंतर पाट्यांचं काम आलं तेव्हा सर म्हणाले, "तूच कर, तुला इमारत पाठ आहे." मलाही तसंच वाटलं होतं.

कागद लावून बघण्याची रीत जुनी आहे. जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या ग्राफिक डिझायनरांनी ब्रिटनच्या रस्त्यांवरच्या पाट्यांची अक्षरं ठरवली, तेव्हा ते नमुने हाईड पार्कमधल्या झाडांना टेकवून ठेवत आणि लांबून वाचून बघत. त्याआधी, १९५८ साली नव्याने सुरू झालेल्या लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाच्या पाट्या किनिअर यांनी केल्या होत्या. म्हणजे हा धंदा इमारतीतून रस्त्यावर गेला. शिकत असताना हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, कारण तोवर "तू नक्की आर्किटेक्ट का ग्राफिक डिझायनर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जर्मन वास्तुविशारद पेटर बेरेन्सना १९०७ साली एईजी या विजेची उपकरणं करणाऱ्या कंपनीने नेमलं. त्यांनी तिचं बोधचिन्ह केलं, पत्रकं केली, किटल्या आणि पंखे केले, आणि टर्बाइनचा कारखानाही उभा केला. त्यांच्या हाताखाली ग्रोपियस, मीस आणि कॉर्बुझिए या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या वास्तुविशारदांनी उमेदवारी केली. त्या ऑफिसात हा प्रश्न कुणाला पडला नसावा.

साडेनऊला आठ जण आले. सगळे इमारतीला नवे: पाच नुकतेच भरती झालेले कर्मचारी आणि तीन आमच्याच ऑफिसातल्या हिशेब विभागातले, ज्यांनी साइट कधी पाहिली नव्हती. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी. कुणाला "एक्स-रे काढायचा आहे", कुणाला "रक्त तपासायचं आहे". आत सोडायचं, मागून दहा पावलांवर चालायचं आणि एक शब्द बोलायचा नाही. हे न बोलणं सर्वांत अवघड. माणूस चुकताना दिसतो आणि जीभ वळवळते.

पहिला मुलगा दारातून आत आला, क्षणभर थांबला आणि सरळ डावीकडच्या रुंद कॉरिडॉरला लागला. एक्स-रे उजवीकडे. दुसरी बाई डावीकडे. तिसरा माणूस पाटीच्या बरोबर खाली उभा राहिला, वर बघितलंच नाही, आणि तोही डावीकडे. आठांपैकी पाच जण एकाच जागी चुकले. मी वहीत त्या जागेवर फुल्या मारत होते. पाचवी फुली मारली तेव्हा कागद फाटला.

मी दारात जाऊन त्यांच्या जागी उभी राहिले. पाटी चौदा मीटरवर, छताला टांगलेली, जमिनीपासून दोन मीटर तीस सेंटीमीटरवर तिची खालची कड. इतक्या अंतरासाठी अक्षराची उंची मी हिशेबाने काढली होती. ढोबळ नियम असा, की सात ते दहा मीटरला पंचवीस मिलीमीटर. म्हणून पन्नास मिलीमीटर घेतले होते. आणि तरीही वरची ओळ मला नीट वाचता येईना. "एक्स-रे" असं लिहिलेलं होतं आणि दिसत होतं "एक्स-र". मात्रा गेली होती.

पाटीच्या दोन मीटर अलीकडे छत खाली उतरलेलं होतं. एसीची डक्ट झाकायला फॉल्स सीलिंगची एक पेटी कॉरिडॉरभर आडवी गेली होती. दारातून बघताना त्या पेटीची खालची कड पाटीचा वरचा दहा सेंटीमीटरचा भाग खात होती. रोमन अक्षरांची वरची थोडी जागा गेली तर बहुतेक वेळा शब्द ओळखता येतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार एवढं सगळं बसलेलं असतं. ते कापलं की शब्द बदलतो.

मी टेपने मोजलं, मग डोळ्यांची उंची धरून फरशीवर खडूने आकृती काढली. उंच माणसाला पाटी जास्त कापलेली दिसत होती, व्हीलचेअरमध्ये बसलेल्याला जवळजवळ पूर्ण. उलटं वाटतं, पण आडवा अडथळा पाटीच्या अलीकडे असला की असंच होतं. खालून बघणाऱ्याची नजर त्याच्या कडेखालून तिरपी वर जाते.

आता या पेटीचं ड्रॉइंग. छताचा नकाशा मीच काढला होता, तीन वर्षांपूर्वी. पेटीची खोली, तिची कड, सगळं त्यात होतं. पाट्यांचा नकाशाही माझाच. दोन्ही फाइली माझ्या, आणि पाट्यांचं काम करताना छताची फाइल मी एकदाही उघडली नव्हती. पाट्या मी तळमजल्याच्या प्लॅनवर मांडल्या, जिथे छत दिसतच नाही. इमारत मला पाठ होती ती वरून बघितलेली. चालताना तिचा छातीपासून वरचा भाग दिसतो हे मी विसरले होते.

पण नुसत्या मात्रेने पाच माणसं चुकत नाहीत. हे कळलं मावशींमुळे. त्या नव्यानेच आया म्हणून लागलेल्या, चष्मा लावून सावकाश चालणाऱ्या. त्यांची चिठ्ठी रक्ताची होती. डावीकडे पार शेवटपर्यंत जाऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "इथं लिहिलंय खरं, पण तो बोळ मला स्टाफचा वाटला गं बाई. तिकडं जायचं धाडस नाही झालं."

बोळ. मी त्यांच्या खांद्यामागून बघितलं. उजवीकडचा कॉरिडॉर कागदावर दोन मीटर चाळीस सेंटीमीटर रुंद आहे, स्ट्रेचर आरामात जातं. पण त्याच्या तोंडाशी नोंदणी काउंटरच्या मागची जिप्समची भिंत खांबाच्या पुढे एक मीटर वीस सेंटीमीटर आली होती. दारातून बघणाऱ्याला त्या भिंतीमागे फक्त एक अंधारी फट दिसायची. डावीकडे मात्र शेवटाला खिडकी, फरशीवर ऊन. माणूस उजेडाकडे आणि रुंदीकडे वळतो. त्याच्या डोक्यावर कितीही मोठा बाण लावा, पाय आधीच वळलेले असतात.

ती जास्तीची भिंतही माझीच. फायलींच्या कपाटाला आडोसा हवा म्हणून काढलेली.

मावशींनी आणखी एक गोष्ट सांगितली. बोळाच्या तोंडाशी लावलेल्या पाटीवर "विकृतिशास्त्र विभाग", म्हणजे पॅथॉलॉजी, असं होतं. विभागांच्या यादीत जसं आलं तसं मी छापलं होतं. त्या म्हणाल्या, "विकृती म्हणजे काहीतरी वाईटच ना? माझं तर रक्त तपासायचंय." ज्याला आधीच भीती वाटतेय त्याच्यासमोर तो शब्द आम्ही साडेसहा सेंटीमीटरच्या अक्षरात टांगणार होतो. अक्षराची जाडी, शिरोरेषेपासून खालच्या उकारापर्यंतची जागा, रोमन ओळीशी जुळणी, यावर मी आठवडाभर घालवला होता. शब्दाकडे मी बघितलंच नव्हतं. हा शब्द बदलायला वरून परवानगी लागली, आणि मला प्रामाणिकपणे वाटतं की त्या दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं काम तेच झालं. दुपारी दोनपर्यंत फोन करून "रक्त-लघवी तपासणी" मंजूर करून घेतलं.

मग भिंत. साइट इंजिनियर दादांना मी विचारलं, "यातला खांबापुढचा तुकडा काढता येईल का?" त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं. "भार काही नाही हिच्यावर. आत एक स्विचची लाइन आहे, ती खांबावर घेऊ. पण ताई, ड्रॉइंग सही करून द्या." मी तिथेच, सिमेंटच्या पोत्यावर बसून, तीन वर्षांपूर्वीच्या माझ्याच प्लॅनच्या प्रिंटवर लाल पेनने तो तुकडा खोडला, सरांना फोटो पाठवला आणि त्यांचं उत्तर आल्यावर सही केली.

भिंत त्याच दिवशी पडणार नव्हती, पण तिच्याशिवाय कसं दिसेल ते बघायचं होतं. आम्ही दारापासून त्या कॉरिडॉरच्या तोंडापर्यंत फरशीवर निळ्या मास्किंग टेपचा पट्टा ओढला, आत दोन साइटवरचे हॅलोजन लावले आणि आतल्या भिंतीवर शेजारच्या खोलीसाठी आणलेल्या निळ्या रंगाचा एक हात दिला. टांगलेली कागदी पाटी काढली. आडव्या येणाऱ्या पेटीचाच दर्शनी भाग तीस सेंटीमीटर उंच होता, दारातून बघणाऱ्याच्या बरोबर समोर. मी अक्षरं पंच्याहत्तर मिलीमीटरची केली, मिस्त्रींनी शिडी धरली, आणि मी कात्रीने कापलेली ओळ थेट पेटीवर चिकटवली: एक्स-रे, रक्त-लघवी तपासणी, उजवीकडे बाण. वर मात्रांना मोकळी जागा, खाली उकारांना मोकळी जागा. शिरोरेषा पेटीच्या कडेला समांतर बसली. नकाशावर कधीच मिळालं नसतं इतकं ते जागेला जुळून आलं.

एका चांगल्या टाइपफेसचा, म्हणजे अक्षरवळणाचा, जन्म असाच एका इमारतीपोटी झाला हे मला त्या शिडीवर आठवलं. स्विस अक्षरकार आद्रियान फ्रुटिगर यांनी पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळाच्या पाट्यांसाठी अक्षरं काढली, ती १९७६ मध्ये त्यांच्याच नावाने सगळ्यांना मिळाली. चालत्या माणसाला, तिरप्या नजरेने, लांबून वाचता यावीत म्हणून काढलेली ती अक्षरं. पुस्तकं आणि औषधांची वेष्टनं नंतर आली.

संध्याकाळी रंगकामावरचे तीन जण शोधले, जे आजवर फक्त मागच्या दाराने ये-जा करत होते. दोघे थेट उजवीकडे वळले. तिसरा पेटीपाशी थांबला, वाचलं, मग वळला. तळमजल्याच्या एकवीस पाट्यांपैकी सहा त्या रात्री मी रद्द केल्या. त्यातल्या चार, ती जास्तीची भिंत होती म्हणूनच लागणार होत्या.

रुग्णालय सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी परत गेले. भिंत गेली होती, निळा रंग होता, लोक उजवीकडे वळत होते. आत शिरले तर एक्स-रेच्या दारासमोरच्या खांबावर, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये, वहीचा एक कागद. मार्करने लिहिलेलं: "बाहेर जायचा रस्ता", खाली जाड बाण. सुरक्षारक्षकांनी लावला होता. "तपासणी झाली की माणसं इथं येऊन उभी राहतात," ते म्हणाले, "दिवसाला चाळीस वेळा सांगावं लागतं."

आम्ही आठ माणसं आत सोडली होती. बाहेर येताना त्यांच्या मागे कुणीच चाललं नव्हतं. जाताना डावी असलेली गोष्ट येताना उजवी होते, आणि त्या बाजूने बघून मी एकही पाटी लावली नव्हती.

मी त्यांचा कागद मोजला. फरशीपासून दीड मीटर, अक्षरं साधारण चाळीस मिलीमीटर, दारातून बाहेर पडल्यावर पहिली नजर जाते बरोबर तिथे. जागा बदलायची गरज नव्हती. खांबाचा नंबर, उंची आणि त्यांचे तीन शब्द तसेच वहीत उतरवले, आणि ऑफिसात येऊन प्लॅन, छत आणि पाट्या या तिन्ही फाइली एकावर एक उघडल्या.