फ्रेझल व्हर्बच्या वाटेवर मराठी भेटली

चाचणी म्हणून आलेला मजकूर जेमतेम तीन पानांचा होता. इंग्रजी गोष्ट, फ्रेंचमध्ये उतरवायची. सहा वर्षं फ्रेंच शिकून झालं होतं, क्रियापदांची रूपं झोपेतही म्हणता येत होती. दुपारी बसले आणि संध्याकाळी पाठवूनही दिलं. चार दिवसांनी पानं परत आली. तपासणाऱ्या बाईंच्या लाल खुणा जवळजवळ सगळ्या एकाच जातीच्या जागी होत्या. क्रियापदाला अप, ऑफ, आउट, अवे असं शेपूट लागलं (इंग्रजीत याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात), की माझं फ्रेंच घसरत होतं.

पहिला उपाय जुन्या वर्गातला. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे फ्रेंच शब्द इंग्रजीत लोंढ्याने आले. म्हणून एकाच अर्थाला इंग्रजीत बऱ्याचदा दोन शब्द असतात, एक घरातला आणि एक बैठकीतला. फ्रेझल व्हर्ब काढायचं, त्या जागी बैठकीतला शब्द ठेवायचा आणि त्याचा फ्रेंच भाऊ शोधायचा. 'गिव्ह अप' म्हणजे 'अबँडन', म्हणजे 'आबांदॉने'. झालं!

अधूनमधून ते खरोखर होतंही. पण सिगारेट सोडणाऱ्या माणसाला फ्रेंचमध्ये 'आरेते द फ्यूमे' करावं लागतं, म्हणजे ओढणं थांबवावं लागतं. आणि 'नाद सोड' असं मित्राला सांगायचं तर 'लेस तोंबे', शब्दशः 'पडू दे'. शिवाय या भावांमध्ये तोतये फार. 'वेट फॉर'साठी, म्हणजे वाट बघण्यासाठी असलेलं 'आतांद्र' दिसायला 'अटेंड'सारखं, म्हणजे हजर राहण्यासारखं. 'पुट अप विथ'साठी रोजच्या बोलण्यातला शब्द 'स्यूपॉर्ते', पण मी तो मुद्दाम टाळला होता. गोष्टीतली बायको नवऱ्याचं घोरणं सहन करते. मला वाटलं, 'स्यूपॉर्ते' लिहिलं तर ती घोरण्याला पाठिंबा देतेय असं होईल. तिथेही लाल खूण.

मग वही केली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे फ्रेंच. 'ब्रेक डाउन'पाशीच वहीची रया गेली. गाडी बंद पडली तर 'तोंबे आं पान', माणूस कोसळला तर 'सेफोंद्रे', दार तोडलं तर 'आंफोंसे'. कोण काय करतंय हे कळल्याशिवाय उजवीकडे लिहायचं तरी काय? अकरा पानांनंतर वही बंद. अशा याद्या पाठ करून अनुवाद करता येतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा करून बघावाच.

गाठ सुटली ती दाराच्याच एका वाक्यावर. 'ही किक्ड द डोअर ओपन.' मी आधी 'दाराला लाथ मारली' एवढंच लिहिलं होतं, उघडणं बिचारं बाहेरच राहिलं होतं. बाईंनी दुरुस्त केलं होतं: 'इल आ उव्हेर ला पॉर्त दँ कू द पिये.' लाथेने दार उघडलं. हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि थांबले, कारण हे तर मराठी होतं! आपण लाथ मारून दार उघडतो, पोहून नदी पार करतो. इंग्रजीत मुख्य क्रियापद पोहण्याचं, आणि पलीकडे जाणं 'अक्रॉस'च्या शेपटात. फ्रेंचमध्ये 'त्राव्हेर्से ला रिव्हियेर आ ला नाझ': मुख्य क्रियापद पार करण्याचं, पोहणं मागे. या अदलाबदलीला फ्रेंचमध्ये नावही आहे, शासे-क्रवाझे, नाचात दोघं एकमेकांसमोरून जागा बदलतात त्यावरून. कॅनडात काम करणाऱ्या व्हिने आणि दार्बेलने या दोन भाषाशास्त्रज्ञांनी 1958 सालीच ते मांडून ठेवलं होतं. मला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि मराठीकडे वळून बघायचं मला सुचलं नव्हतं.

त्यानंतर इंग्रजी वाक्य दिसलं की मी आधी ते मनात मराठीत म्हणायला लागले. 'शी वॉक्ड इन' म्हणजे 'ती आत आली'. 'चालत आत आली' असं आपण म्हणत नाही, कारण माणूस चालतच येतो. फ्रेंचही तिथे चालणं गाळतं. 'वी रॅन आउट ऑफ मिल्क' म्हणजे 'दूध संपलं', आणि फ्रेंचमध्ये 'आता दूध नाही'. दोन्हीकडे कुणी कशातून बाहेर पळत नाही. 'ही एंडेड अप सेलिंग द हाउस' यावर मी तासभर घालवला असता, पण 'शेवटी त्याने घर विकलंच' म्हटल्यावर त्या 'च'ने 'फिनीर पार'ची, म्हणजे 'शेवटी करणं'च्या फ्रेंच रूपाची आठवण करून दिली.

दुसऱ्या मजकुरात मुलगा धावत जिना उतरतो. मोठ्या ऐटीत लिहिलं: 'इल ए देसांद्यू लेस्कालिए आं कुरां.' उतरणं पुढे, धावणं मागे, अगदी नियमात. पानं परत आली तेव्हा पूर्ण वाक्यात एकच अक्षर लाल होतं. नुसता उतरला तर 'ए देसांद्यू', पण जिना उतरला तर जिना कर्म होतो आणि 'ए' या सहायक क्रियापदाच्या जागी 'आ' येतं. मराठीत 'तो उतरला' आणि 'तो जिना उतरला', दोन्हीकडे 'तो' तसाच. या वेळी मला घसरवलं ते मराठीनेच.