हुक अडकवू कुठं?

"सायेब, पट्टा हाय की. पर हुक अडकवू कुठं?"

सांगलीत विश्रामबागच्या साइटवर, चौथ्या मजल्याच्या कडेला उभ्या मिस्त्रीनं आज मला विचारलं. पडू नये म्हणून घालायचा पट्टा नवाकोरा, अंगावर नीट आवळलेला. हुक मात्र बांबूच्या परांचीला, सुतळीच्या गाठीशेजारी.

नकाशा माझाच. सळ्यांचं अंतर मिलिमीटरमध्ये दिलंय, हुकासाठी कडी एकही नाही. स्लॅब भरतानाच सोडली असती तर किती सोपं होतं!

आराखडा करतानाच कामगारांच्या सुरक्षेचा विचार करणं हे डिझायनरचं कर्तव्य, असं बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांतच सांगितलं होतं. आम्ही ते ठेकेदारावर सोडतो. मॅनेजर हेल्मेटं मोजून सही करतो.

संध्याकाळी पुढच्या स्लॅबच्या ड्रॉइंगमध्ये कड्या दाखवल्या. चौथ्या मजल्याचं काम थांबवलंय.

पण माझ्या आधीच्या इमारतींवर कामगारांनी हुक कुठं अडकवला असेल?